काचेवरची मोळी

मिरज स्टेशनवरचे रिक्षावाले मला ‘रक्ताच्या बाई’ म्हणतात. "रक्ताच्या बाईंकडं सोडू काय?" असं विचारलं की नवा पेशंट रिक्षात बसायच्या आधीच अर्धा घाबरतो. बोर्डावर मी ‘रक्तविकार व रक्ताचा कॅन्सर’ एवढंच लिहिलंय. तरी पहिली दोन वर्षं सकाळी साडेसातला दारात उभी असलेली निम्मी माणसं उपाशीपोटी शुगर तपासायला आलेली असायची. त्यांना परत पाठवताना वाईट वाटायचं, कारण तेव्हा खरे पेशंट दिवसाला तीन-चारच असायचे. बाकीचे ‘रक्त पातळ करून द्या’ म्हणणारे, ‘उष्णता रक्तात गेलीय’ म्हणणारे, आणि ‘अंगात रक्तच नाही’ म्हणणाऱ्या बायका. या शेवटच्यांचं मात्र बहुतेक वेळा खरंच असायचं. हिमोग्लोबिन सहा, आणि त्यावर घरचं सगळं काम, शेतावरची भांगलण, वर पाहुण्यांचा स्वयंपाक.

एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक, एमडी मेडिसिन तीन, मग रक्ताच्या आजारांचं डीएम आणखी तीन. प्रवेश परीक्षांमध्ये गेलेली वर्षं यात धरलेली नाहीत. माझ्या सासूबाईंच्या हिशेबात एवढ्यात एखादीची पोरं दहावीला बसली असती. आणि एवढं शिकून मी दिवसाची सुरुवात कशाने करते, तर दुसऱ्याच्या रक्ताचा एक थेंब काचेवर कसा पसरलाय ते बघून.

म्हणजे थेंब पसरवतात आमच्या लॅबमधले दादा. एका काचेच्या टोकाला थेंब, दुसरी काच तिरकी धरून त्याला टेकवायची, थेंब कडेने पसरला की एका दमात पुढे ढकलायची. हात थांबला तर पट्टे पडतात, घाई झाली तर थर जाड होतो. जमलं की जिभेच्या आकाराचा पातळ पापुद्रा उठतो आणि टोकाला पिसासारखा विरत जातो. त्यावर लीशमनचा रंग. दादांची बोटं बारा महिने जांभळी. मंगळागौरीला पाहुण्यांसमोर चहा द्यायला त्यांना त्यांची बायको पुढे येऊ देत नाही.

मशीन आहेच. एका मिनिटात वीस आकडे छापून देतं आणि मला ते हवंही असतं. पण मशीन पेशी मोजतं ती ढोबळमानाने आकारावरून. लहान ती प्लेटलेट, मोठी ती लाल, त्याहून मोठी ती पांढरी. कोण कुणाला चिकटलंय हे त्याला कळत नाही. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूच्या दिवसांत जतकडून एक मास्तर आले. प्लेटलेट बारा हजार. ताप नाही, डाग नाही, दात घासताना रक्त नाही. चेहऱ्यावर मात्र मरणकळा. सोबत दोन गाड्या भरून माणसं, पाच जण रक्त द्यायला तयार, किवी आणि ड्रॅगन फ्रूटचा एक खोका, पपईच्या पानांचा रस थर्मासमध्ये. तीन दिवसांत चार वेळा तपासलं होतं आणि आकडा खालीच चालला होता. दादांनी स्लाइड आणून दिली. मी थेट पिसाच्या टोकाशी गेले, आणि तिथे प्लेटलेटचे घोळके बसलेले, जत्रेत पोरं पाळण्यापाशी जमतात तसे. जांभळ्या टोपणाच्या बाटलीत रक्त गोठू नये म्हणून जे रसायन असतं, त्याने काही माणसांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. बाटलीत, माणसात नव्हे. फिक्या निळ्या टोपणाच्या बाटलीत पुन्हा रक्त घेतलं, मोजलं. दोन लाख दहा हजार. मास्तरांनी तो कागद तीन वेळा वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "मग ह्या किवीचं काय करायचं?" स्टाफने खाल्ल्या.

अशा गोष्टी सांगायला बऱ्या वाटतात. तशीच आणखी एक सांगते, मग दुसरी सांगेन, जी मी कधी लिहिली नव्हती.

कवठेमहांकाळजवळचे एक माळकरी गृहस्थ. वय छप्पन्न, पिढ्यान्पिढ्या शाकाहारी, दूधही नावापुरतं. हिमोग्लोबिन साडेचार, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी. तिन्ही कमी दिसल्यावर कुणीतरी ‘ब्लड कॅन्सर वाटतोय, मिरजेला जावा’ म्हणून चिठ्ठी दिलेली. त्या ‘वाटतोय’वर घरच्यांनी एक म्हैस विकली होती आणि थोरल्या मुलीचं लग्न वैशाखातून पौषात ओढलं होतं. मी जीभ बघितली, लालभडक आणि गुळगुळीत. मग विचारलं, चालताना पाय कसे लागतात? ते म्हणाले, "चप्पल पायात हाय का ऱ्हायली मागं, ते बघाय लागतंय खाली." निम्मं निदान तिथेच झालं. उरलेलं काचेवर. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीच्या केंद्राला साधारण तीन-चार पाकळ्या असतात, इथे सहा-सहा, सात-सात. लाल पेशी फुगून लांबट अंड्यासारख्या. बी-बारा जीवनसत्त्व कमी. त्याचं ते गुलाबी-लाल इंजेक्शन, रोज एक. सहाव्या दिवशी नव्या पेशींचा आकडा उसळला, दुसऱ्या आठवड्यात गृहस्थ स्वतः पायऱ्या चढून आले. कॅन्सर नाही हे सांगितल्यावर ते हसले नाहीत. बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "म्हैस गाभण होती हो."

त्यांना आधी सहा महिने कुणीतरी लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चालू ठेवल्या होत्या. यावर माझी नेहमी चिडचिड होते. नुसतं फॉलिक दिलं की रक्त थोडं सुधारल्यासारखं दिसतं आणि पायाच्या नसा आतल्या आत खराब होत राहतात. वास्तविक फॉलिक ॲसिडची गोष्ट आपल्या मुंबईतलीच. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिनमध्ये आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायका रक्त कमी होऊन मरत होत्या, त्याचं कारण शोधायला. यीस्टच्या अर्काने, म्हणजे तेव्हा बाजारात मिळणाऱ्या मार्माइटने, त्या बऱ्या होतात हे तिने दाखवलं आणि १९३१ मध्ये छापलं. त्यात जे होतं ते फॉलिक ॲसिड, हे पुढे कळलं. मग अमेरिकेत आंध्रातल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते बनवलं, आणि त्याची नक्कल करून पेशीला फसवणारी औषधंही बनवली. त्यातलंच एक बॉस्टनच्या सिडनी फार्बरने रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना दिलं. १९४८ साल. मुलं काही महिनेच सुधारली, पण तोवर तेवढीही कुणी सुधारत नव्हती. डीएम करताना मी परळला राहायचे. हाफकिनच्या भिंतीवरून बसने जाताना दर वेळी त्या गिरणीवाल्या बायका आठवायच्या. त्यांच्या रक्तावरून हे सगळं सुरू झालं आणि नाव एकीचंही कुठे लिहिलेलं नाही.

आता ती दुसरी गोष्ट.

२००८. एमडीचं दुसरं वर्ष. रुग्णालयाचं नाव घेत नाही, त्याचा त्यात काही दोष नाही. बावीस वर्षांची मुलगी, डी.एड. करणारी. हिरड्यांतून रक्त, मांड्यांवर कुठे आपटल्याचं आठवत नाही असे निळे डाग, आणि बारा दिवस पाळी थांबलेली नव्हती. घरच्यांनी आधी बायकांच्या डॉक्टरांकडे नेलं, तिथून आमच्याकडे. संध्याकाळचे सात. हिमोग्लोबिन सात, पांढऱ्या पेशी अठराशे, प्लेटलेट चौदा हजार. मी स्वतः बोटातून थेंब घेऊन दोन स्लाइड केल्या, रंगवल्या, रॅकमध्ये सुकायला ठेवल्या. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली खाली कॅज्युअल्टीत. वरिष्ठांना फोन केला तर ते म्हणाले, प्लेटलेट लाव, स्लाइड सकाळी राउंडला बघू. मला ते बरंच वाटलं. प्लेटलेटच्या चार पिशव्या मागवल्या आणि मेसला गेले. पावभाजी होती.

दोन जिने. किल्लीसाठी दोन जिने उतरायचे होते.

पहाटे चारला तिचं डोकं दुखायला लागलं, मग उलटी, मग एक बाहुली मोठी. सकाळी अकराला ती गेली. तिची आई कॉरिडॉरमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत होती, "डोकं दुखलं म्हणून जातं का हो कुणी?" दुपारी मी ती स्लाइड लावली. शोधावं लागलं नाही. मोठ्या पेशी, आत जांभळे दाणे ठासून भरलेले, आणि त्यात बारीक लाल काड्या, एकीवर एक रचलेल्या. पुस्तकात या पेशींचं नाव सरपणाच्या मोळीवरून पडलंय. अगदी मोळीच, डोक्यावरून उतरवून ठेवावी तशी.

या कॅन्सरचं नाव अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. एपीएल म्हणतात. रक्ताच्या दुसऱ्या एका कॅन्सरमधलं नववं आणि बाविसावं गुणसूत्र आम्हा डॉक्टरांपैकी सगळ्यांना माहीत असतं, यात पंधरावं आणि सतरावं एकमेकांत तुकडे बदलतात. त्या पेशी फुटल्या की रक्त गोठण्याची सगळी घडीच विस्कटते, म्हणून हे पेशंट कॅन्सरने मरायच्या आधी रक्तस्रावाने मरतात, आणि बहुतेक पहिल्या काही दिवसांतच. गंमत अशी, गंमत म्हणवत नाही पण दुसरा शब्द नाही, की ते पहिले दिवस निभले तर रक्ताच्या तीव्र कॅन्सरमधला हा सगळ्यात बरा होणारा. आणि पहिलं औषध म्हणजे अ जीवनसत्त्वापासून बनवलेली एक कॅप्सूल. ती पक्क्या निदानाची वाट बघत थांबवायची नसते. मोळी दिसली, नुसता संशय आला, तरी त्याच तासाला चालू करायची. नंतर तपासणीत दुसरंच काही निघालं तर बंद करायची, बिघडत काही नाही.

त्या रात्री मी किल्ली आणली असती तर ती वाचली असती का? माहीत नाही. आमच्याकडे कॅप्सूल नव्हती, मध्यरात्री शहरात कुठे मिळाली असती देव जाणे, आणि पहिल्या डोसनंतरही काही जण मेंदूतल्या रक्तस्रावाने जातात. हा सगळा हिशेब मी पुष्कळ वेळा करून झालाय. मी बघितलंच नाही, ही गोष्ट त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

त्यानंतर मेडिसिनमध्ये पुढे हृदय घ्यायचं ठरलेलं होतं ते मी बदललं. घरी कारण वेगळं सांगितलं.

माझ्या कन्सल्टिंगमधल्या कपाटात, वरच्या कप्प्यात, गणपतीच्या फोटोमागे त्या कॅप्सूलची एक बाटली कायम असते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तारीख बघते. वर्षातून एकदा मुदत संपून फेकावी लागते आणि अकाउंट बघणारा माझा भाऊ कुरकुरतो. शिवाय जत, विटा, इस्लामपूर, आटपाडी, तिकडे अथणी, जिथून बोलावणं येईल तिथे तालुक्याच्या डॉक्टरांपुढे मी बोलायला जाते. औषध कंपन्यांना नवीन औषधांवर भाषण हवं असतं. मी ते दहा मिनिटांत उरकते आणि शेवटी एकच स्लाइड पडद्यावर ठेवते. मोळी. म्हणते, तरुण माणूस, हिरड्यांतून रक्त, तिन्ही पेशी कमी, तर रात्री किती वाजलेत ते बघायचं नाही, मला फोन करायचा.

मोळीच्या पेशंटला दुसरं औषध देतात ते ऐकून लोक खुर्चीत सरळ होतात. आर्सेनिक. आपला सोमल. १९७० च्या दशकात चीनमध्ये हार्बिनच्या डॉक्टरांनी गावठी औषधातून ते शोधून काढलं. २०१३ मध्ये इटली आणि जर्मनीच्या डॉक्टरांनी दाखवलं की फार जोखीम नसलेल्या पेशंटमध्ये ही कॅप्सूल आणि सोमल, दोघंच पुरेत, केमोथेरपी लागत नाही. केस जात नाहीत, हे आमच्या मुलींना फार मोठं वाटतं. २०१९ मध्ये सांगलीच्या हळदीच्या गोदामात हमाली करणारा एकोणीस वर्षांचा पोरगा आला. नाकातून रक्त थांबेना म्हणून. मोळ्या. बाटली फोडली, रात्री साडेदहाला पहिली कॅप्सूल. दुसऱ्या दिवशी त्याच्या आजोबांना सगळं समजावलं. आजोबा गावात जडीबुटी देणारे. सोमल म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा आदराने पाहिलं.

"शुद्ध करून घेतलाय न्हवं?"

"हो. कंपनीनं केलाय."

"किती पुटं दिली?"

पुटांचं, म्हणजे औषध भट्टीत किती वेळा भाजलं याचं, उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी ईसीजी दाखवला. सोमलाने हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून ईसीजी सारखा काढायचा, रक्तातलं पोटॅशियम-मॅग्नेशियम खाली जाऊ द्यायचं नाही. नवव्या दिवशी पोराला धाप लागली, वजन चार किलो वाढलं. औषधाने कच्च्या पेशी एकदम पिकायला लागल्या की असं होतं, आणि ते जिवावरचं असतं. स्टेरॉइड दिलं, तीन रात्री मी घरी नीट झोपले नाही. पुढे सात-आठ महिने, आठवड्यातले पाच दिवस दोन-दोन तासांचं सलाईन, महिनाभर चालू, महिनाभर बंद. पोरगा आता टेम्पो चालवतो. चकाट्या पिटायला येतो अधूनमधून, येताना ओली हळद आणतो. माझ्या फ्रिजमध्ये इतकी हळद आहे की लोणचं घालूनही संपत नाही.

हे असं सगळं थरारक रोज नसतं. रोज असतात ते तासगावचे तात्या. द्राक्षवाले. २०११ पासून सीएमएल, म्हणजे पांढऱ्या पेशी सावकाश वाढत जाणारा रक्ताचा कॅन्सर. आधी मुंबईत माझ्या शिक्षकांकडे होते, मी मिरजेत बसल्यावर माझ्याकडे आले. मगाशी म्हटलं ते नववं-बाविसावं गुणसूत्र यांचं. १९६० मध्ये फिलाडेल्फियाच्या दोघांनी एक तोकडं गुणसूत्र पाहिलं, १९७३ मध्ये जॅनेट राउली या बाईंनी तो तुकडा कुठे गेला ते दाखवलं, आणि २००१ मध्ये त्यावर नेमकी बसणारी गोळी आली, इमॅटिनिब. राउलीही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली बाई. मला फार जवळची वाटते. तेव्हा मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर, भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजार. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, त्या दिवशी आमच्या ओपीडीत पेढे नव्हते, कारण निम्म्या पेशंटना खटला चालू आहे हेच माहीत नव्हतं. पण रेसिडेंटच्या खोलीत आम्ही चहा दोनदा मागवला.

आता ती गोळी आणखी स्वस्त झालीय, म्हणून तात्यांचं सगळं सुरळीत चालावं की नाही? नाही. तात्यांचं कॅलेंडर वेगळं. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग डावणी रोगासाठी फवारण्या, मग बेदाणा शेडवर. यातल्या कुठल्याच काळात बागायतदार आजारी नसतो. २०१६ मध्ये त्यांनी चार महिने गोळी बंद ठेवली. काही होत नव्हतं म्हणून. बागेला एवढ्या फवारण्या करणारा माणूस मला म्हणतो, "रोज रोज औषध मारून झाड मरतंय बघा." पेशी दीड लाखावर गेल्यावर आले. मी ओरडले, मग मला माझंच वाईट वाटलं, मग मी त्यांच्याच भाषेत सांगितलं की डावणी दिसत नाही म्हणून फवारणी थांबवता का? त्यावर त्यांनी बराच विचार केला. तेव्हापासून तात्या नियमित आहेत. दर तीन महिन्यांची तपासणी छाटणीच्या आधी किंवा नंतर, मध्ये नाही, हे मी मान्य केलंय.

उसाच्या पट्ट्यातल्या पेशंटचं आणखी निराळं. "बिल आलं की येतो" म्हणजे कारखान्याचं बिल. महात्मा फुले योजनेत पुष्कळ केमो बसते, पण त्याआधी रेशनकार्डावर आजीचं नाव आहे का, असेल तर ते आधारवरच्या नावाशी जुळतं का. एका बाईंचं माहेरचं नाव रेशनकार्डावर आणि सासरचं आधारवर, यात अकरा दिवस गेले. लिम्फोमाला, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरला, हे कळत नाही.

आणि ज्यांना बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागतो, त्यांना मी मुंबईची चिठ्ठी देते. चिठ्ठी लिहिताना माझा हात जड होतो. मी परळला राहिलेली आहे. टाटाच्या आसपासच्या फुटपाथवर ताडपत्रीखाली स्टोव्ह पेटवणारी कुटुंबं मी रोज ओलांडलीत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर देव पावला. म्हणून चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मी पत्ता, कुठल्या स्टेशनला उतरायचं, कुठली कागदं वर ठेवायची, हे सगळं मराठीत लिहून देते. पुढची बाजू डॉक्टरांसाठी, मागची माणसांसाठी. आता आपल्याकडच्या आयआयटी आणि टाटातून निघालेली, पेशंटच्याच पेशी बदलून परत देणारी कार-टी उपचारपद्धती २०२३ पासून मंजूर झालीय. परदेशापेक्षा कितीतरी स्वस्त. तरी माझ्या पेशंटसाठी दोन एकर बागायत.

घरच्यांची एक मागणी ठरलेली: कॅन्सर म्हणू नका. एका आजींना त्यांच्या मुलाने ‘रक्तात जंतू झालेत’ असं सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या केमोला मुलगा औषधं आणायला गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"जंतू हाईत म्हणता, मग केस कशानं गेलं? जंतूनं केस जात्यात व्हय?"

"नाही जात, आजी."

"मग बराबर." पदर डोक्यावर नीट ओढून घेतला. "मी इचारलं म्हणून त्याला सांगू नगा. लई जपतोय बिचारा."

शेवटपर्यंत मी सांगितलं नाही. बरोबर केलं की चूक, यावर माझं आणि माझ्या मैत्रिणीचं, ती मानसोपचारतज्ज्ञ आहे, अजून जमत नाही.

गेल्या महिन्यात शुक्रवारी रात्री सव्वानऊला जतहून फोन आला. तिथे नवीनच प्रॅक्टिस सुरू केलेला मुलगा, एका भाषणाला आलेला. "मॅडम, चोवीस वर्षांचा, हिरड्यांतून रक्त, प्लेटलेट नऊ हजार. स्लाइडवर मोठ्या गडद पेशी आहेत. मोळी आहे का कळत नाही." त्याने मोबाइलने सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसमधून काढलेला फोटो पाठवला. जांभळं धुकं. मी म्हटलं, मला धुक्यातलं काही कळत नाही, पेशंटला गाडीत घाल आणि स्लाइड नातेवाइकाच्या खिशात. कशात ठेवू, म्हणाला. मी म्हटलं, काडेपेटीत बसत नाही, टॅल्कमच्या डबीत बसत नाही, पुठ्ठ्यात गुंडाळ.

दादांना फोन केला तर ते भजनाला बसले होते. तसेच उठून आले, कपाळाला बुक्का. जतहून मिरजेला यायला दीड-दोन तास. मी कपाटातली बाटली टेबलावर काढून ठेवली. एक्स्पायरी बघितली, जरी सोमवारीच बघितली होती. अकरा वाजून दहा मिनिटांनी गाडी आली. पेशंट व्हीलचेअरवर, शुद्धीवर, डोकं दुखत नाही म्हणाला. दोनदा विचारलं. त्याच्या मेहुण्याने खिशातून लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात गुंडाळलेली काच काढून दिली. दादांनी तरी आपली नवी स्लाइड केलीच, दुसऱ्याने केलेली त्यांना पटत नाही.

मी जतची आधी लावली. शंभराच्या भिंगाखाली तेलाचा थेंब, आणि मग एकेक करून सावकाश सगळा पापुद्रा. मोठ्या पेशी होत्या खऱ्या. पण दाणे नाहीत, काड्या नाहीत, निळसर मऊ कडा शेजारच्या लाल पेशींना बिलगून वळलेल्या. व्हायरसने चिडलेल्या लिम्फोसाइट. मग दादांची स्लाइड. तेच. डेंग्यूची तपासणी लावली, रक्त गोठण्याच्या तपासण्या लावल्या, रात्री एकच्या सुमारास डेंग्यू पॉझिटिव्ह आली. गोठण्याचा आकडा ठीक.

जतच्या मुलाला फोन केला. तो जागाच होता. खजील होऊन म्हणाला, "सॉरी मॅडम, उगाच तुम्हाला..."

मी म्हटलं, पुढच्या वेळी फोटो काढताना श्वास रोखून धर, हात हलतोय तुझा. बाटली परत गणपतीमागे ठेवली. दादांना घरी सोडलं. घरी पोचले तर वरणभात गार झाला होता, तो तसाच खाल्ला.